जमिनीवरची गादी

तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, कोरियात मुक्काम कुठे करायचा यावर आमच्या घरी बरेच दिवस वाद चालला होता. मला सोलमधलं लिफ्टवालं नवं हॉटेल हवं होतं. आमच्या सुधाला हवं होतं जुन्या पद्धतीचं गेस्टहाऊस, जिथे गरम जमिनीवर गादी घालून झोपतात.

"मला उठता येईल का पण जमिनीवरून?" मी म्हणालो.

"अहो, पीएचडी ना तुम्ही? प्रयोग करून बघा!"

म्हणून दुपारी अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या घरात, हॉलमध्येच गादी घातली. झोप छान लागली, पण उठता काही येईना. सुधा हात द्यायला आली आणि तीही धपकन शेजारी बसली. "माझेही गुडघे गेले हो!"

तेवढ्यात फ्रीमाँटहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. सुटी नाही म्हणून त्याने आमच्याबरोबर यायला नकार दिला होता.

"बाबा, फ्लोअरवर काय करताय दोघं? मी हॉटेलच बुक करतो."

"गेस्टहाऊसच कर," सुधा म्हणाली. "आणि आम्हाला उठवायला तू चल."

तो हसायला लागला. मग म्हणाला, "ओके आई, लीव्ह टाकतो."

फोन बंद झाला. सुधा टुणकन उठली आणि चहा ठेवायला गेली.

मी अजून गादीवरच होतो.