हात पाठीमागे

...आणि वर मलाच विचारतात, "ठमीच्या आई, तुमच्या मुलीचे हात सतत पाठीमागे का असतात हो?" बालवाडीच्या बाईंनी विचारलं, तेही फाटकापाशी, सगळ्या आयांसमोर! "खडू दिला तर घेत नाही, चेंडू टाकला तर बाजूला सरकते, हात धरून गोल करा म्हटलं की ही गोलाच्या बाहेर. वर्ष संपत आलं, मी अजून हिचे तळवे पाहिलेले नाहीत!" आता मी काय सांगू, तुम्हीच सांगा! चार वर्षांची पोर, आणि उभी कशी राहते, तर तपासणीला आलेल्या साहेबासारखी! बाकीच्या आया हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र मोरीतला नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं. कारण तुम्हाला सांगते, ते हात पाठीमागे नेऊन ठेवले कोणी? मीच!

तसं मूळ बघायला गेलं तर आमच्या ह्यांच्या प्रिंटरांत आहे. हे ऑफिसांतले जुने प्रिंटर दुरुस्त करतात. ऑफिसवाल्यांना वाटतं मशीन मेलं, आमच्या ह्यांना वाटतं त्याला नुसती चक्कर आलीय. आणि खरंच, पुष्कळदा बाकी सगळं धडधाकट असतं, आतला पॉवर सप्लाय तेवढा गेलेला असतो. म्हणजे भिंतीतली वीज घेऊन मशीनला झेपेल तेवढीच वाढायची, हे काम करणारी हिरवी पाटी असते ना, ती. आधी हे सगळं दुकानात चालायचं. दुकान सुटलं, तेव्हा हे म्हणाले, "थोडे दिवस घरी करतो." मी म्हटलं करा. कशाला म्हटलं? आता खोल्या दोन, माणसं चार आणि प्रिंटर... मोजायचं सोडलंय मी! पलंगाखाली प्रिंटर, खिडकीखाली प्रिंटर, एकावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, एकाच्या कागदाच्या खणात सासूबाईंच्या गोळ्या, पाहुणे आले की एकावर उशी टाकून म्हणायचं, बसा ना, आरामात बसा!

इथवरसुद्धा ठीक होतं हो. पण एक दिवस मी ह्यांना चहा द्यायला गेले. टेबलावर एक पाटी उघडी पडलेली. प्लग कधीचाच काढलेला, वायर माझ्या पायात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. ह्यांच्या हातात एक बल्ब, त्याला दोन वायरी. पाटीवर एक काळी डबी असते, बोराएवढी म्हणा, लिंबाएवढी म्हणा, तिच्या दोन टोकांना ह्यांनी त्या वायरी टेकवल्या मात्र, आणि बल्ब भक्कन पेटला! पेटला आणि विझला. चहा कुठे, कप कुठे, मी कुठे!

"अहो! प्लग तर काढलेला आहे!"

हे शांत. ह्यांचं घर पेटलं तरी हे शांतच असणार. "प्लग काढला म्हणून काय झालं? डबीत वीज साठून राहते. ती बल्बात उतरवायची, मग हात लावायचा. बंद म्हणजे बंद नसतं, अगं."

झालं! हे तेवढं बोलले आणि कामाला लागले. मी ते वाक्य घेऊन स्वयंपाकघरात आले, ते आजपर्यंत घेऊनच बसलेय. मी सातवीपर्यंत शिकलेली. विजेचा धडा आठवीत असतो म्हणे. म्हणजे नेमकं जिथे कळायचं तिथेच माझी शाळा सुटलेली, त्यामुळे भीती पुरी आणि माहिती अर्धी! बंद म्हणजे बंद नसतं... मग मिक्सर? मग इस्त्री? मग तो कोपऱ्यातला पंखा, जो इतका वेळ गप्प आहे, तो का गप्प आहे? मी लाटण्याने बटणं दाबायला लागले. फ्रिज उघडायच्या आधी त्याला लांबून न्याहाळायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, दूध काढतेस की वाघ सोडतेस?"

आणि मी मोठी बाई, माझं काय, हसण्यावारी गेलं असतं. पण ठमी तेव्हा तीन वर्षांची, दिसेल तिथे हात घालणारी. तर सकाळपासून माझा पट्टा सुरू. ठमे, हात लावू नकोस! ठमे, लांब हो! ते बंद दिसतंय ना, बंद म्हणजे बंद नसतं! हात लावशील तर... त्या 'तर'च्या पुढे काय, ते मी कधी सांगितलंच नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. पोरीने तिच्या मनाने काय भरलं असेल तिथे, देव जाणे. आणि मी प्रिंटरापाशी तरी थांबावं की नाही? वायर दिसली की ओरड, डबा दिसला की ओरड, पावडरचा डबा हो! शेवटी आमची ठमी शहाणी झाली. हात पाठीमागे. शेजारीण म्हणायची, "किती गुणी गं तुझी मुलगी, कशाला हात लावत नाही!" आणि मी मूर्ख, फुलून जायची!

हे म्हणाले होते एकदा, "अगं, एवढं ओरडू नकोस तिच्यावर." मी म्हटलं, "तुम्ही बोलूच नका, तुमच्यामुळे झालंय!" बिचाऱ्यांनी परत प्रिंटरात डोकं घातलं.

तर त्या दिवशी बाईंचं ऐकून आले, रडून झालं, तोंड धुतलं आणि ठमीला म्हटलं, "ये गं, जवळ ये." हात पसरले. ती उंबऱ्यातच थांबली. हात पाठीमागे. मला खालून वर बघितलं आणि म्हणाली, "आई, तू सकाळी खूप ओरडलीस."

"हो गं, चुकलं. आता नाही ओरडत. ये."

"आता बंद झालीस?"

"झाले ना."

तर कार्टी म्हणते कशी, "पण बंद म्हणजे बंद नसतं."

काय सांगू तुम्हाला! माझे हात तसेच पसरलेले. ते खाली कसे घ्यायचे हेच कळेना मला!

मग मात्र मी ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अहो, काहीतरी करा. माझी पोर मला हात लावत नाही." ह्यांनी टेबलावरचं काम बाजूला ठेवलं. एक प्रिंटर नुकता दुरुस्त होऊन झाकणबिकण लावून तयार होता. तो जमिनीवर ठेवला, प्लग लावला आणि म्हणाले, "ठमे, हा बरा झाला. तू चालू कर. हे बटण."

ठमी पाठीमागे हात घालून मशीनकडे बघते, मग माझ्याकडे. "आधी आई."

मी? अहो, त्या मशिनांवरची धूळ मी लांबून फडक्याने झटकलेली आहे, पण बोट? बोट कधी नाही! लाटणं शोधत होते मी, खरं सांगते. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं दाब की! भाजी लागतेय इकडे!" मी डोळे मिटले आणि दाबलं बटण.

काही नाही हो! बटणासारखं बटण. मशीन घरघरलं, एक दिवा लागला, बस. एवढ्यासाठी मी पोरीचं अख्खं वर्ष...

ठमीने माझं बोट जवळून पाहिलं. वास घेतला. मग तिचा एक हात पाठीमागून पुढे आला. आधी एक बोट, मग सगळा पंजा, आणि किती मळलेला! मशीनमधून तपासणीचा एक कागद सरसर बाहेर आला, तिने तो दोन्ही हातांनी पकडला.

"आई, गरम आहे!"

'टाक!' अगदी जिभेवर आलं होतं. तिने दचकून माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा. मी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. ती थांबली... मग तो कागद तिने गालाला लावला, आणि मग तोच हात माझ्या गालाला. "बघ, गरम."

वाटलं, संपलं एकदाचं. कुठलं संपतंय! वर्षभर माती नाही, रंग नाही, मांजर नाही, आता ती सगळी थकबाकी वसूल चाललीय. कणकेत हात, पाण्याच्या पिंपात हात, सासूबाईंच्या कवळीला हात! ते वर्ष काही मला परत आणता येत नाही, म्हणून मी आपली उभी असते, तोंड दाबून. हे नुसते हसतात. सासूबाईंनी काल विचारलंच, "सूनबाई, दिवसभर तोंडावर हात कशाला? दाढ दुखते का?"

म्हटलं, हो. दुसरं काय सांगणार?

त्यांनी लवंग दिलीय. चघळत बसलेय.