बारीक टाका

...नाही, पण मला एक सांगा, सोपं म्हणजे काय? कुणाला सोपं? कुणाच्या हाताला सोपं? जो उठतो तो मला ऐकवतो, काहीतरी छंद लावून घ्या हो, सोप्पं काहीतरी, घरच्या घरी! पाव्हणा येतो, चहा पितो, कप खाली ठेवता ठेवता म्हणतो, सोप्पं काहीतरी, घरच्या घरी! अरे, तुझ्या घरी कर ना मग!

थांबा, आधी माझं काम सांगतो, म्हणजे तुम्ही खुर्च्या जरा मागे घ्याल. घ्या, संकोच नको, मला सवय आहे. मी हॉस्पिटलात असतो. तळघरात. शवागारात. पोस्टमॉर्टेम झालं की डॉक्टर हात धुऊन वर जातात रिपोर्ट लिहायला, आणि मागे टेबलावर जो माणूस उघडा राहतो ना, त्याला शिवायचं, पुसायचं, केस नीट करायचे, चादर ओढायची आणि नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं, ते सगळं मी करतो. सव्वीस वर्षं झाली. बायको शेजारीपाजारी सांगते, "हे ऑपरेशन विभागात असतात." खोटं नाही म्हणा. फक्त आमचे पेशंट तक्रार करत नाहीत एवढंच.

तर झालं काय, तीन महिन्यांपूर्वी ती बस पुलावरून खाली गेली. एकोणीस आले. एकदम. त्यात सहा शाळेच्या गणवेशातले... असो. मी शिवले. सगळे शिवले, कुणाला ताटकळत ठेवलं नाही, घरी आलो, आंघोळ केली, जेवलो, आणि तेव्हापासून म्हणे मी बोललोच नाही! म्हणे! मला वाटत होतं, मी बोलतोय! पण बायको आमची हिशेबी, तिने मोजलं. "अहो, चार दिवसांत तुम्ही अकरा शब्द बोललात. त्यातही सहा वेळा नुसतं 'हं'." आता 'हं'ला शब्द धरायचं की नाही, यावर मी तिच्याशी वाद घालायला हवा होता, एरवी घातलाच असता. नाही घातला. तिथेच ती घाबरली. मुलगी दहावीत, ती पण माझ्याकडे अशी बघायला लागली, परीक्षेच्या पेपरात न शिकवलेलं गणित आल्यावर बघतात तशी.

मग हॉस्पिटलाने माझ्यासाठी समुपदेशक बाई पाठवली. पोरगीच हो, पंचविशीतली, हातात फाइल, गोड आवाज. तळघरात यायला तयार नाही, म्हणून मला वर बोलावलं. "काका, कसं वाटतंय?" ठीक. "शून्य ते दहामध्ये सांगाल?" ठीक. "म्हणजे पाच लिहू?" लिहा. "झोप लागते?" लागते. "स्वप्नं?" पडतात. "कसली?" मी तिच्याकडे बघितलं, तिचा तो गोड चेहरा बघितला, आणि म्हटलं, आठवत नाहीत. कशाला तिची पण झोप घालवा? मग तिने पान उलटलं आणि विचारलं, "काका, काही छंद?" म्हटलं, नाही. तर तिचा चेहरा असा उजळला, जणू रोग सापडला! "मग हेच तर! हाताला काम हवं, काका! सोप्पं काहीतरी, घरच्या घरी!"

हाताला काम! मला! अहो, माझ्या हातांनी सव्वीस वर्षांत जेवढं काम केलंय ना... जाऊ दे.

ती बातमी बायकोने बहिणीला कळवली, आणि मेहुणी आली तीच मोबाइल पुढे धरून. "भाऊजी, कागदाची फुलं! पाच मिनिटांत होतात!" व्हिडिओत एक बाई, नखं रंगवलेली, कागद दुमडते, हसते, फुंकर मारते, गुलाब! मी दुमडला, मी हसलो नाही, मी फुंकर मारली, कोबी! बरं, मी जिद्दीने चाळीस कोबी केले, तारेला बांधले, भिंतीवर लावले. मुलगी शाळेतून आली, दप्तर पण खाली ठेवलं नाही तिने. "बाबा, हे कुणाच्या छातीवर ठेवायचंय?" बघतो तर काय, मी पुष्पचक्र केलं होतं! आता मी आयुष्यात फुलं जिथे बघितली तिथे ती गोलच बांधलेली असतात, त्याला मी काय करू? बायकोने ते उतरवलं आणि माळ्यावर टाकलं.

मग मातीकाम. "मातीत तर काही चुकतच नाही, भाऊजी! सोप्पं काहीतरी, घरच्या घरी!" मी एक माणूस केला. चांगला केला हो, खरंच चांगला, नाक, कान, बोटं वेगवेगळी. बायको खूश. "आता उभा करा त्याला." उभा केला, पडला. परत केला, परत पडला. आडवा ठेवला की एकदम बरोबर दिसायचा. मुलगी म्हणाली, "झोपलाय का तो?" म्हटलं, हो. "मग पायाच्या अंगठ्याला हे काय बांधलंय?" वाकून बघतो... चिठ्ठी. दोऱ्याने बांधलेली, तळघरात बांधतो तशी. वर नंबर. मीच बांधली असणार, घरात दुसरं कोण बांधणार? पण कधी बांधली, तुम्हाला सांगतो, मला आजही आठवत नाही. त्या दिवशी मात्र मी स्वतःलाच घाबरलो. मोरीत गेलो, नळ सोडला आणि बराच वेळ नुसते हात धूत उभा राहिलो.

बायकोने तिसरा उपाय काढला तो भरतकाम. दोन गल्ल्या सोडून एक शिवणबाई आहेत, कपडे उसवून सैल-घट्ट करून देतात, बारीक अंगाच्या, ओठात कायम चार टाचण्या. दर गुरुवारी दुपारी त्या आमच्या घरी येणार, माझी साप्ताहिक सुट्टी ना, आणि मला एकट्याला लाज वाटू नये म्हणून बायकोने आणखी दोघी जमवल्या. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे हेडबाई म्हणतात, आणि कोपऱ्यावरच्या कापड दुकानाची मालकीण. बायको धरून चार बायका आणि मध्ये मी, मांडीवर रिंग, रिंगेत रुमाल, रुमालावर पेन्सिलीने काढलेलं फूल. मेहुणीचा फोन, "बघा, आहे की नाही, सोप्पं काहीतरी..." ठेवला मी फोन.

पण काय सांगू... हात चालला. पहिल्या पाकळीला माझा टाका बघून शिवणबाईंच्या तोंडातली टाचणी खाली पडली. "अहो, एवढा एकसारखा! पहिल्यांदा सुई धरली म्हणता?" कापडवाली म्हणाली, "मला तर वीस वर्षांत असा नाही जमला!" हेडबाईंनी चष्मा वर करून तपासला, वहीच तपासावी तसा. "कुठे शिकलात?" म्हटलं, हॉस्पिटलात. "अय्या, म्हणजे सर्जन आहात?" म्हटलं, नाही, सर्जनचं सगळं आटोपलं की मग मी... आणि बायकोला असा खोकला आला, असा खोकला आला, की तिघी पाणी आणायला धावल्या!

चार गुरुवार गेले. खोटं कशाला बोलू, मला आवडायला लागलं. त्या बडबडायच्या, हेडबाईंची सून अशी, नळ असा, दुकानातलं गिऱ्हाईक तसं, आणि मी शिवायचो, आणि मधूनच एखादं वाक्य बोलायचो. पूर्ण वाक्य! कर्ता, कर्म, क्रियापद! बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. एकच खोड राहिली होती. फूल पूर्ण झालं की मी कापडाचं टोक ओढून ते झाकून टाकायचो. हात जायचाच. हेडबाई म्हणायच्या, "नजर लागू नये म्हणून का?" मी म्हणायचो, हो.

पाचव्या गुरुवारी पान संपवलं, शेवटची गाठ मारली, दोरा कापला. शिवणबाईंनी रिंग उलटी करून बघितली. मागची बाजू. शिवणारी माणसं मागची बाजूच बघतात. आणि त्या थांबल्या. बोट गाठीवर. दोन वळसे घेऊन आत दडवलेली गाठ, मी अशीच मारतो, मला कुणी शिकवली नाही. ओठांतल्या टाचण्या एक एक करून त्यांनी काढल्या, मनगटावरच्या छोट्या उशीत खोचल्या, चारही, आणि मग म्हणाल्या, "ही गाठ मी बघितली आहे."

कापडवाली म्हणाली, "कुठल्या साडीवर?"

त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत स्वतःच्या गळ्याखालून पोटापर्यंत बोट नेलं. हळूच. "तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा गेला. मोटरसायकलवरून. घरी आणला तेव्हा सगळे म्हणाले, चादर काढू नको. मी काढली. शेवटच्या टाक्याला ही गाठ होती... भाऊ, तुम्ही होतात?"

बायकोला खोकला आला नाही. कुणालाच काही आलं नाही.

आता काय बोलायचं, सांगा! हो, आठवतो, शांत चेहरा होता, असं म्हणायचं? जीभ वळत होती तशी. पण त्यांनी विचारलं असतं, शर्ट कुठला होता, तर? मी म्हटलं, "मीच असेन. तिथे शिवणारा मी एकटाच आहे. पण मला तो आठवत नाही, बाई. मी चेहरे बघत नाही. बघितले तर हात चालत नाही."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "टाका इतका बारीक का घातला होता? कोण बघणार होतं?"

"वय कमी असलं की बारीक घालतो."

"पण का?"

म्हटलं, "आई उघडून बघते म्हणून. सगळे नको म्हणतात, तरी बघते."

शिवणबाईंनी रिंग सरळ केली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "डावीकडचं पान वाकडं गेलंय. उसवा आणि परत घ्या." आवाज चिरका झाला होता, पण पान खरंच वाकडं होतं. मी उसवलं.

कापडवाली मात्र उठली, बेसिनवर गेली, साबण लावून दोनदा हात धुतले, पर्स घेतली आणि चपला पायात नीट न घालताच गेली. हेडबाई पण उठल्या, "दूध आलं असेल," म्हणाल्या. दुपारी साडेतीनला कुठलं दूध येतं? आणि मग बायको! "काय गरज होती? एक साधं नाही म्हणता आलं नाही? आता ह्या बिल्डिंगमध्ये आपल्याकडे पाणी तरी पिईल का कुणी?" अगं, तूच म्हणत होतीस ना बोला, बोला! बोललो! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बोललो, तर चुकलं! मग ती रडली, आणि मी तिच्या शेजारी बसून राहिलो. मुलगी आली, तिने दोघांना चहा केला. कडू झाला होता. प्यायलो.

पुढच्या गुरुवारी बायकोने सतरंजी घातलीच नाही. मी घातली. तीन वाजले, कुणी नाही. मी फुलाच्या मध्यावर सुई धरून बसलोय, टाका पडत नाहीये, म्हटलं, संपलं, आपल्याला तळघरच बरं. वीस मिनिटांनी बेल वाजली. शिवणबाई! आल्या, बसल्या, ओठात टाचण्या धरल्या, माझी रिंग ओढून बघितली. "हं, पान आता सरळ आहे." मुलाबद्दल अक्षर नाही. जाताना दारात फक्त एवढं म्हणाल्या, "तुमच्याकडेच आला होता, बरं झालं." आणि जिना उतरून गेल्या. मी दार लावलं आणि दाराला टेकून तिथेच खाली बसलो. काय झालं विचारू नका. बसलो.

आता इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं! पण नाही! बातमी बिल्डिंगभर झाली, आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी बघतो तर सतरंजीवर सात जणी! कापडवाली परत हजर, खाली मान घालून भरतेय, आणि मधेच माझ्या कानाशी येऊन म्हणते, "भाऊ, राग मानू नका. उद्या माझं काही बरंवाईट झालं ना, तर मला तो बारीक घाला. मालकांना जाड चालेल." मी म्हटलं, अहो, हे काय बोलणं झालं? तर पलीकडून आवाज, "माझी गाठ पण आतच घ्या हं!" तिसरी दोऱ्याचा रंग विचारते, पांढराच असतो का, मोतिया नाही का मिळत! मी कामातून सुटायला सुई धरली हो, आणि इथे माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर, आगाऊ नोंदणी!

आणि सगळ्यात शेवटी हेडबाई. सगळ्या गेल्यावर थांबल्या मुद्दाम. "निवृत्त कधी होताय?" म्हटलं, दोन वर्षांनी. "दोनच?" चेहरा पडला. "मला थोडं बीपी सोडलं तर काही नाही हो. दोन वर्षांत कसं जमायचं?" म्हटलं, बाई, जमवू नका! आणि घरी शांतपणे गेलात तर तुम्ही माझ्याकडे येणारच नाही. आमच्याकडे फक्त अपघात येतात, नाहीतर संशयास्पद.

हेडबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"संशयास्पद," म्हणाल्या. "ठीक आहे. सुनेशी बोलून बघते."

काय करता? आता फक्त मापं घ्यायची राहिलीत.