न आलेलं कुत्रं

नाही, पण मी काय म्हणते, जे कुत्रं रस्त्यात आलंच नाही, त्याच्या रंगावरून एखाद्या घरात तीन महिने वाद चालतो का हो? आमच्याकडे चालतो! सासूबाई म्हणतात काळं होतं. नणंद आचल म्हणते, "नाही व आई, पांढरं, कानाजवळ ठिपका होता." आणि माझा नवरा अनुप, ज्याच्या तोंडून ते कुत्रं बाहेर पडलं, तो मान खाली घालून वरण ओरपतो. मी गप्प. मी तशी गप्पच असते. लग्नाला सहा महिने झाले, सगळी कॉलनी म्हणते, सून मोठी गरीब आहे बाप्पा! गरीब? तुम्हाला सांगते... घास माझ्या हातात होता!

अमरावतीहून अकोल्याला, माझ्या माहेरी निघालो होतो. अनुप गाडी चालवतोय, मी शेजारी, मांडीवर सांभारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा, मागे सासूबाई आणि आचल. बडनेरा गेलं आणि मागून आचल सुरू झाली, "वहिनी, दादाले घास भरव ना व! नाव घेऊन! मी व्हिडिओ काढते." आता कोणीही शहाणी बाई म्हणाली असती, गाडी थांबू दे. मी तसं म्हटलं नाही. का? कारण माझ्याकडे उखाणा तयार होता! लग्नात घेतलेला उखाणा मोबाईलवरून उचललेला होता आणि तो मांडवातल्या निम्म्या बायकांना पाठ निघाला, त्या माझ्याआधीच पूर्ण करून मोकळ्या झाल्या. हा मात्र माझा स्वतःचा, आठ दिवस भांडी घासता घासता जुळवलेला. कोणीतरी आग्रह करावा म्हणून मी टपूनच बसले होते हो!

अनुपने तोंड उघडलं. मी वडी उचलली. "बडनेरा मागे पडलं, जवळ आलं अकोला..." आणि थांबले. विसरले म्हणून नाही, मुद्दाम! पुढच्या ओळीची त्याने जरा वाट बघावी म्हणून. आणि त्याने बघितली. आ वासून, माझ्याकडे तोंड करून, एक... दोन... तीन... गाडी सत्तरने पळतेय, गाडी चालवणाऱ्याचे डोळे माझ्या चेहऱ्यावर, आणि घास माझ्या हातात!

धाड!

डाव्या कडेने एक लुना चालली होती. लुना एकीकडे, चपला दुसरीकडे, आणि लुनावरचे म्हातारे खुशालराव बाभळीखाली उजवा हात पोटाशी धरून बसलेले. शिवी नाही, आरडाओरडा नाही. नुसतं विचारलं, "काय पाहून राहिला होता बाप्पा?"

अनुप म्हणाला, "काका, कु... कुत्रं आडवं आलं."

सासूबाई लगेच, "हो ना, एवढं मोठं!" आचलने फोन पर्समध्ये टाकला, व्हिडिओ तर त्याआधीच पुसला होता. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी... मी 'हो' म्हणून मान हलवली! दवाखान्यात नर्सने विचारलं, "ताई, मुठीत काय धरलं?" तेव्हा कळलं, ती वडी अजून हातातच होती.

मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. आणि धडक मारली ती कोणाला? एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला! परतवाडा-अकोला. आम्ही बघायला गेलो तर त्यांची बायको जाईबाई त्यांना जेवू घालत होत्या. घास समोर आला की तो मोठा माणूस नजर दुसरीकडे वळवून तोंड उघडायचा. "एकतीस सालात एक कोंबडी नाही मारली यायनं," जाईबाई मला सांगत होत्या, "अन् त्या मेल्या कुत्र्यापायी काय झालं पाह्य. त्याले देव पाहून घेईन." मी म्हटलं, हो. हो म्हटलं हो मी! तिथे सांगता आलं असतं. चहा घेतला, बशी विसळून ठेवली आणि निघाले.

प्लास्टर निघालं तर दोन बोटं मिटेनात. मग दर गुरुवारी अनुप त्यांना गावाहून अमरावतीला व्यायामासाठी आणतो, पोचवतो. मीही जाते, मागे बसते. पुढे खुशालराव रबरी चेंडू दाबत असतात. तीन बोटं मिटतात, दोन ताठ. चेंडू दाबला की मी खिडकीबाहेर बघते.

सहाव्या गुरुवारी ते अनुपला म्हणाले, "मुक्या जीवाले वाचवाले गेला तू. म्हणून म्या मनात काही ठेवलं नाही."

आता हे ऐकून कोण गप्प बसेल? मीसुद्धा नाही! "काका, कुत्रं नव्हतं! घास माझ्या हातात होता!" आणि अनुपने काय करावं? गाडी चालू, समोरून ट्रक, आणि हा माणूस अख्खा मागे वळून माझ्याकडे बघतो!

"समोर पाह्य ना बे!" खुशालरावांनी त्याच हाताने स्टेअरिंग ओढलं. ट्रक कानाशी भोंगा वाजवत गेला.

गाडी थांबली. मग खुशालराव म्हणाले, "कुत्र्यासाठी माणूस ब्रेक मारते. रस्त्यावर टायरचा काळा पट्टा पडते. तुमचा पट्टा कुठं होता? मले पहिल्याच दिवशी समजलं."

"मग आता कुत्र्याचं कावून काढलं, काका?" अनुपने विचारलं.

"दोघातून कोण आधी बोलते, ते पाहून राहिलो होतो. सहा गुरुवार लागले." मग माझ्याकडे न वळता, समोर रस्त्याकडे बघत, "बोलली ते बरं केलं बाई. पण चालत्या गाडीत?"

मी माफी मागितली, रडले. ते म्हणाले, "रडू नोको," आणि पुन्हा चेंडू दाबायला लागले. दोन बोटं ताठच.

घरी सांगितलं, तर सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. "नवऱ्याचा दोष आपल्यावर घेऊन राहिली माय! मले डोळ्यानं दिसलं, काळं होतं."

गाडीत मात्र कायदा खुशालरावांचा. चालत्या गाडीत मी तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं झालं तर त्यांच्या खांद्याला हात लावायचा, मग गाडी कडेला. परवा माझा हात त्यांच्या खांद्याला लागला. अनुपने इंडिकेटर दिला, गाडी हळू केली, कडेला घेतली, बंद केली. दोघं माझ्याकडे वळले. "बोल बाई, काय आहे मनात?"

काय बोलणार? शिंक आली होती.