कव्हराखालचा अंगठा

दादा: …तर इंजिन सुरू झालं. एकदम गोड चाललं.

धाकटी: बॅटरी इथे बाकावर आहे, दादा.

दादा: मग नाही झालं. चहा दे.

धाकटी: पण इंजिनाचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला की!

दादा: काय ऐकलंस? इथे मी एकटाच मिस्त्री, आणि मी किल्ली फिरवलीच नाही.

धाकटी: बरं, नाही झालं. उद्या सकाळी शाळेची पोरं भरून मी उताराला लागणार. व्हॅन तयार होणार का, तेवढं सांग.

दादा: झडपा दाबणारे रॉकर आडवे येताहेत. मजबूत हवेत म्हणून मोठ्या इंजिनाचे घातले, तर ते उंच निघाले. वरचं झाकण, टॅपेट कव्हर, बसेना.

धाकटी: मग घास की त्यांची डोकी.

दादा: तेच चाललंय. रॉकरवर मातीची गोळी ठेवायची, कव्हर दाबून बसवायचं, काढायचं. गोळी चेपली तिथे घासायचं. आपल्या आप्पांची पद्धत.

धाकटी: मग चेपली?

दादा: चेपली. बघ.

धाकटी: हा तर अंगठ्याचा ठसा आहे.

दादा: माझा असेल.

धाकटी: तुझ्या अंगठ्यावर आडवा व्रण कुठाय?

दादा: चहात साखर कमी पडलीय.

धाकटी: दादा! पंख्याच्या पात्याने कापलेला अंगठा आप्पांचा.

दादा: माहितीय. सकाळपासून तेच बघतोय. आधी टरकलो. मग म्हटलं, घरबसल्या मार्गदर्शन मिळतंय तर घ्यावं. घासलं. पुन्हा गोळी ठेवली, पुन्हा अंगठा. जरा खाली.

धाकटी: म्हणजे अजून घास.

दादा: हयातीतही असंच. शाबासकी नाही, नुसतं बोट दाखवायचं.

धाकटी: आणि हा रॉकर केवढा उरलाय?

दादा: बिस्किटाएवढा.

धाकटी: आप्पांच्या गाडीत असाच घासून बारीक केलेला होता ना? उतारावर तुटला आणि ते गेले, तो?

दादा: त्यांचं म्हणणं, रॉकर बरोबर होता. उतार चुकला.

धाकटी: हे कधी म्हणाले?

दादा: आज दुपारी.

धाकटी: …हे रॉकर काढ. दुसरा जोड आहे ना कपाटात, न घासलेला? तो घाल, आणि कव्हराखाली जाड पट्टी देऊन कव्हरच उचल.

दादा: आप्पा म्हणायचे, पट्टी कापून कव्हर उचलतो तो मिस्त्री नव्हे, शिंपी.

धाकटी: मग हो शिंपी. पोरं माझ्या भरवशावर बसतात, आप्पांच्या नाही.

(कव्हराच्या आतून टकटक. दोघंही तिकडे बघत नाहीत.)

दादा: ऐकलंस?

धाकटी: नाही. पट्टी काप.

दादा: आजवर त्यांचा शब्द मोडला नाही गं मी.

धाकटी: पट्टी मी धरते. काप तू. हं… आता नवे रॉकर. गोळ्या ठेव. दाब.

दादा: बसलं! अगं, बसलं!

धाकटी: काढून दाखव.

दादा: गोल, गोल, ही पण गोल. कुठेच टेकत नाही. जा बिनधास्त घेऊन.

धाकटी: आणि ही शेवटची?

दादा: ही… मुठीत आवळल्यासारखी दिसतेय.

धाकटी: रागावलेत.

दादा: तूच सांग त्यांना काहीतरी. तुझं ऐकायचे.

धाकटी: माझं कुठलं! कचेरीतून पत्र आल्यासारखं बोललं तरच ऐकायचे. सरक. माननीय आप्पा यांस. आपण मयत असल्याने सदर इंजिनाच्या कामातून आपणांस आजपासून मुक्त करण्यात येत आहे. तरी कव्हराखालील जागा सकाळपर्यंत रिकामी करून द्यावी आणि जाताना अंगठा सोबत न्यावा, ही नम्र विनंती.