कुरूप म्हणा

अहो नाही, नाही, तंबूची चेन ओढू नका! — हात मागे घ्या आधी. माफ करा, डॉक्टर, ओरडायचं नव्हतं, पाहुण्यावर कुणी ओरडतं का, आणि खाली सासूबाईंनी ऐकलं असेल तर झालंच — पण आत्ता आत रात्र आहे. बाहेर ऊन आहे, हो, मला दिसतंय, मी काही वेडी नाही, म्हणजे अजून तरी नाही — पण ह्या तंबूत रात्र आहे. दिवसभर इथं पत्रा तापतो, दिवे लावले तर झाडं उकडून निघतील, म्हणून त्यांचा दिवस मी उलटा केलाय. संध्याकाळी सहाला शाळेच्या भोंग्यावर राष्ट्रगीत लागतं ना, त्याच्याबरोबर टायमर टक् करतो, आणि माझ्या गांज्याची सकाळ होते. तुम्ही लवकर आलात. थोडंच थांबायचंय. बसा ना — त्या खोक्यावर बसा, त्यात पंखा आहे, मोडलेला, बसायला चालतो. पाणी घ्या. गार आहे.

आणि एक सांगून ठेवते, आत बघितलंत तरी छान म्हणू नका. सुंदर नाही, टपोरं नाही, वा नाही, काही नाही. म्हणायचंच असेल तर कुरूप म्हणा. हसताय? तुमच्या आईनं तुम्हाला काय म्हटलं होतं पाळण्यात — राजपुत्र? नाही ना. आपल्या ह्या साकोन प्रांतात कुणाच्या बाळाला आजवर गोड म्हटलंय? गोड म्हटलं की भुतं ऐकतात आणि उचलून नेतात. माझी मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी पहिलं काय म्हटलं माहितीय? ‘शी, काय घाण कार्टं आहे!’ आणि डोळ्यातून घळाघळा पाणी. मी टाके पडलेली, पडल्या पडल्या विचार करतेय की ह्या बाई रिवाज म्हणून बोलतायत की मनापासून. दप्तरी नाव मी शोधून शोधून नप्पसोर्न ठेवलं, पण घरात तिला सगळे कोप म्हणतात. बेडूक! मी विज्ञानाची बाई, सातवीच्या वर्गाला प्रकाशसंश्लेषण शिकवायचे, फळ्यावर हसरा सूर्य काढून — आणि माझी पोर बेडूक. तेव्हा जिना चढताना तुम्ही तिच्याकडे बघून जे ‘अरे वा’ केलंत ना, ते मी ऐकलंय. उतरताना तेवढं परत घ्या.

तर झाडं. घरात का लावली, हे तुम्हालाच माहीत, तुम्हीच तर सांगितलंत दवाखान्यात. फुलं स्वच्छ आणा, बुरशी नको, औषधाचा फवारा नको, बी धरलेलं नको, मग मी स्वतः सासूबाईंसाठी तेल काढून देतो. तुम्ही सांगून मोकळे. सासूबाई म्हणाल्या, ‘माझी आई कोंबड्यांच्या खुराड्यामागे लावायची. तिनं कुठला दिवा लावला होता? बाहेर सूर्य फुकट आहे, क्राते.’ आता ह्यांना कोण सांगणार, की कोंबड्यांनी घाण केलेलं फूल तुम्ही हातात तरी धराल का? मग नवऱ्यानं तैवानमधून तंबू पाठवला. बिचारा तिकडे कारखान्यात स्क्रू पिळतो आणि रात्री व्हिडिओवर मला शेती शिकवतो — ज्यानं आयुष्यात तुळस जगवली नाही. दिवे मी मागवले, स्वस्तातले, म्हणून ते जांभळे निघाले. एलईडी म्हणजे एलईडी, मला काय ठाऊक जांभळ्याचं? पहिल्याच संध्याकाळी ह्या खिडकीतून असा उजेड पडला गल्लीत, की दोन बाप्ये दार वाजवायला आले. कराओके गायची खोली रिकामी आहे का, म्हणे! सासूबाई खाटेवरून काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, ‘आहे, पण गाणारी कर्कश आहे.’ मी, म्हणजे. क्राते म्हणजे खार ना, चिवचिवणारी — हे नावही त्यांना फार आवडतं. तेव्हापासून खिडकीला काळं प्लास्टिक.

खोली हीच का? दुसरी कुठली आहे? खाली त्या झोपतात, मधे मी आणि कोप, उरली ही देवाची. आधी तर बुद्धाची फळी खाली आणि तंबूचं डोकं वर, असं झालं होतं. सासूबाईंनी जेवण सोडलं — म्हणजे तसं सोडलेलंच होतं, पण ते आता निषेध म्हणून सोडलं. मग मी तंबूचे पाय करवतीनं कापले. खरंच. बघा, ठेंगणा आहे ना? बुद्ध वर, गांजा खाली, आणि झाडांचे शेंडे वाकवून बांधलेत, वंदन केल्यासारखे दिसतात. तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, ‘हं. आता जरा संस्कार दिसतायत.’ पण ते दोन लाल बल्ब बघताय फळीवर? ते कधी विझायचे नाहीत. कधीच नाही, लग्न होऊन आले तेव्हापासून जळतायत. मी म्हटलं, आई, झाडांना अंधार लागतो, उजेडाचा एक कवडसा आत गेला तरी ती बिथरतात. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे झाडाच्या झोपेसाठी बुद्धानं अंधारात बसायचं?’ मी तंबूवर गोधडी टाकली. कोपचीच आहे ती.

हसू नका हो. मी त्यांना हसायचे, आणि बघा काय झालं. मागच्या वर्षी मोठ्या शहरात तपासणीला नेलं होतं, सगळे उपचार झाल्यावर. तिथला तरुण डॉक्टर स्कॅनचं चित्र बघून म्हणाला, ‘आजी, फारच छान! सुंदर आलंय.’ मी रडले, वाटेत सगळ्यांना लाडू वाटावेत असं झालं मला. आणि ह्या गाडीत तोंड फिरवून बसल्या. ‘कशाला बोलला तो. कशाला तोंडानं बोलला.’ मी म्हटलं, आई, ते चित्र आहे, त्याला भूत ऐकत नाही. ऐकलं. दुखणं परत आलं की नाही? मला माहीत आहे डॉक्टर, मला सगळं माहीत आहे, पेशींचं, टक्क्यांचं, मी वाचलंय — पण तेव्हापासून मी कुणाला छान म्हटलं नाही. चिकट भाताची मूठ करते, माशाचं लोणचं लावते, त्यांच्या ओठापाशी नेते, आणि त्या मान फिरवतात. वास सहन होत नाही. पाणीसुद्धा उलटतं. ज्या बाईनं खिम्याचं लाब तिखट नाही म्हणून माझ्या माहेरच्यांसमोर ताट सरकवलं होतं, ती आता भाताच्या वासाला घाबरते. तुमच्या दवाखान्यातल्या तेलाचे चार थेंब मागे पोटात गेले होते, तेव्हा दोन घास खाल्ले होते त्यांनी. दोन. मला दुसरं काही नको.

म्हणून एवढं जपते. तुम्हीच ना, बी धरलं तर तेलात दम राहत नाही म्हणता — मग बी का धरतं, ते मी सगळं वाचून काढलं. नर झाड नाहीच घरात, रोपंच मादी आणली. पण झाड बिथरलं की स्वतःच नर होतं. फुलाच्या मधून परागाची पिवळी इवलीशी केळी काढतं आणि स्वतःच स्वतःला बी धरवतं. इंटरनेटवरचे हे लागवडवाले त्याला, मुलगा म्हणून जन्मून बाई होणाऱ्यांसारखं, कथोय म्हणतात. मी आपली वाचून दाखवत होते आमच्या पार्लरवाल्या फाहला, केस धुताना — ती स्वतः कथोय, उंच, सुंदर — अरे, बोलले! कुरूप, कुरूप. — तर ती भडकलीच. डोक्यावरचं पाणी बंद केलं. ‘अगं ए क्राते, आम्ही जन्मतः अशा आहोत. तुझं झाड घाबरून तसं झालंय. त्याला आमच्या पंगतीला बसवू नकोस.’ साबण तसाच डोळ्यात. पण मुद्द्याचं बोलली. घाबरून. झाड कशाला घाबरेल हो? कोण घाबरवतं त्याला इथं? ते लाल बल्ब, दुसरं काय. मी सासूबाईंना शंभरदा सांगितलं.

मी? मी कशाला उघडीन अंधारात? मला कळत नाही का? — बघते फक्त. चेन जराशी, दोन बोटं. मोबाइलचा टॉर्च लावायचा, बघायचं, बंद. डोळ्याची पापणी लवते तेवढंच. कोप झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते ना, तसं. श्वास चालू आहे ना, एवढंच. सगळ्या आया करतात. — रोज नाही हो. म्हणजे, दुपारी. कोप उठली की एकदा, उठलेच आहे तर. आणि सासूबाई खोकल्या की — त्यांच्याही नाकाखाली धरते बोट, त्या झोपेत असतात तेव्हा, एकदा जाग्या होत्या, चावल्या — खरंच चावल्या, दात नाहीत तरी. आणि मग वर येतेच मी. खाली त्यांच्याकडे बघत बसवत नाही, म्हणून वर येते. इथं निदान काहीतरी वाढत असतं.

असं बघू नका. टॉर्चनं काय होतंय? पांढरा असतो टॉर्च. काल त्यात एक पिवळं दिसलं, एवढुसं, मला वाटलं उजेडच पिवळा. नाही, टॉर्च पांढराच असतो, आत्ताच म्हणाले मी. पण ह्या चष्म्याला ओरखडे आहेत, कोप चावते काच. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तुमचे डोळे चांगले. म्हणजे — वाईट. तुमचे डोळे घाण आहेत, डॉक्टर.

थांबा. लागलं. भोंगा. उभे राहा —

झालं. आणि टक् ऐकलंत? बघा, शिवणीतून जांभळं आलं. आता उघडा. सावकाश, चेन अडकते. वास येतो ना? मला त्या वासानं भूक लागते, काय गंमत आहे, ज्यांना लागायला हवी त्यांना नाही. बघा बघा, घ्या ना भिंग, आणलंय ना तुम्ही. मी बोलत नाही. हे बघा, तोंडावर हात.

...

काय म्हणालात?

नाही, ऐकलं मी. कुरूप. — बरं. बरोबर. मीच सांगितलं होतं तसं म्हणायला, तुम्ही रिवाज पाळलात, चांगले संस्कार आहेत तुमच्यावर. पण — डॉक्टर, हे रिवाजानं म्हणालात, की — इकडे बघा. भिंगात नका बघू, माझ्याकडे बघा. रिवाजानं, की —

कुठे? तो? आणि तोही. ह्या मागच्यावरही. ते पिवळं. अच्छा.

मग एखादं तरी फूल? एक फांदी? खालची? — असू दे. नाही म्हणून मान हलवलीत, कळलं. पुरे.

(काय आई? — हो, बघितली डॉक्टरांनी! — काय म्हणाले? — म्हणाले — कुरूप आहेत! हो, कुरूप! अगदी घाण! — खोटं कशाला बोलीन, स्वतः तोंडानं म्हणाले!)

ऐकलंत? हसतायत. खाटेवर हात आपटतायत, ऐका. ‘बघितलंस, डॉक्टर असूनही शहाणा आहे’ म्हणतायत. आता त्यांना वाटणार, फुलं इतकी टपोरी आलीयत की तुम्हाला भुतांची भीती वाटली.

(काय? — पानं? — किती, दोन? कशात — रश्श्यात? आई, तुम्ही — कोंबडीच्या? हो. हो, टाकते. हो, तुमच्या आईसारखा. कळलं, मला येतो करायला. नाही येत, बरं, तुम्ही सांगा.)

रश्श्यात टाक म्हणाल्या — स्वतःच्या तोंडानं खायला मागितलं. तुम्ही ऐकलंत ना? पानं तरी चालतात का? — नका सांगू. काही सांगू नका. तुम्ही त्या जिन्यानं उतरा, त्यांच्या खाटेजवळून जाल तेव्हा नाक मुरडा, जितकं मुरडता येईल तितकं, आणि ‘शी’ म्हणा. कोपकडे बघूनही म्हणा. आणि चपला घाला आणि जा, डॉक्टर. वळून बघू नका. जा आता, मला कोंबडी आणायचीय.