आसारामनानांचा उजवा हात

नाही, ती बादली नानांना उचलायला सांगू नका — आसारामनाना आमचे जुने गडी, त्यांचा डावा हात वर जात नाही. पडले नाहीत ते. आमच्या आबांनी मोडलाय, थोरल्या चुलत्यांनी, ह्याच दिवाणखान्यात, तुमच्या पुण्याच्या दुकानातनं आणलेल्या ह्या सहा फुटी काचेच्या टाकीसमोर. आमच्या घोडेगावच्या बाजारातनं बैलांसाठी नवा आसूड आणला होता, तो आधी ह्यांच्या पाठीवर चालला — आणि वादी तुटल्यावर दांडा हातावर. कशासाठी? तुमच्या चाळीस माशांसाठी. राहात्याचे पाहुणे मला बघायला यायचे होते, त्यांच्या दारात मोटार, मग आपल्या घरात काय? मासे. आमच्यात मासा शिजत नाही, पण पोहायला चालतो — आबांनी पुण्यात कुठल्या वकिलाकडं पाहिला होता ना. सकाळी पाणी भरलं, तुमचा माणूस डबे ठेवून गेला, दुपारी आबांनी स्वतः ओतले. आणि चहाच्या वेळी — पोह्यांची बशी अजून माझ्या हातात — एकेक मासा उलटा होऊन वर यायला लागला. पांढरी पोटं. पाहुण्यांतली म्हातारी उठली, म्हणाली, पायगुण बरा न्हाई मुलीचा. पाहुणे गेले. आबांना कुणीतरी हवं होतं, पाणी नानांनी भरलेलं — झालं.

विष? कसलं विष — गावात पटकीची साथ, आदल्या दिवशीच विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली. त्या ताज्या पाण्यात मासा जगतो का? दोन दिवस उघडं ठेवलं असतं तर निघून गेली असती, एवढं साधं — पण थांबणार कोण, आबा? तुम्ही तरी लेखी कळवायला हवं होतं —

काय? चिठ्ठी.

हो. आली होती. पाणी दोन दिवस उघडं ठेवा म्हणून लिहिलेली, माझ्याच हातात पडली. नगरला दोन वर्षं बी.एस्सी. केलंय मी, रसायनशास्त्रात पहिली यायचे — पुढं शिकू दिलं नाही, ते जाऊ दे — चिठ्ठी वाचायच्या आधीच मला टाकीच्या पाण्याचा वास आला होता. बंबात टाकली मी ती. म्हटलं, मरू देत मासे, पाहुणे तरी जातील. गेले. आसूड मला सुचला नव्हता. ह्या माणसानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलंय, आणि मी बशी धरून उभी — अठरा फटके, मोजले मी, तोंड उघडलं नाही.

आज केडगावचे पाहुणे येणार आहेत मला बघायला. विहिरीत काल पुन्हा पावडर पडलीय. सकाळीच आबांना सगळं सांगितलं — चिठ्ठीसुद्धा. म्हणाले, "पोरीच्या जातीनं मला पान्याचं शास्त्र शिकवू नये. आन् ह्या खेपेला मासं मेलं, तर आसारामचा उजवाबी ठेवत न्हाई." आंघोळीला जाता जाता म्हणाले, पंचा मागावा तसं. तुम्ही सांगाल त्यांना, दोन दिवस थांबा म्हणून? पांढरे केस आहेत तुमचे, तुमचं ऐकतील —

बघा. मान खाली. तुम्ही मासे सोडून तीनची एसटी धरणार, ते उलटे होतील तेव्हा तुम्ही नगरच्या पुढं. वडीलधारी माणसं सगळी एका साच्यातली, पुण्याची काय आणि घोडेगावची काय.

डबे उचला. अहो, उचला आधी, त्या जिवांनी काय केलंय कुणाचं — ओसरीवर ठेवा, सावलीत. नाना, तुम्ही चावडीवर जाऊन बसा. चार माणसांत बसा, तुम्ही इथं नव्हता हे लोकांना दिसू दे. जा म्हणते ना.

हा? वरवंटा आहे, पाट्यावरचा. मघापासून पदराखाली आहे.

तुम्ही वहाणा घाला पायात. आणि आबांनी विचारलं तर माझं नाव नीट सांगा — टाकी मुक्तानं फोडली. सरका.