प्रांजलच्या काकडीचा डबा

नववीचा शेवटचा पेपर देऊन मी घोडेगावच्या स्टँडवर बसले होते. ऊन मी म्हणत होतं, गाडीचा पत्ता नव्हता, पण सुट्टी लागलेल्या माणसाला कसली घाई? शेजारी दोघी जावा बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर स्टीलचा डबा.

"प्रांजल, घरूनच मीठ लावलंस काकडीला? आता पाणी सुटंल. वन्संच्या ताटात काय सार वाढायचंय?"

"पाणी पिळून काढलंय, जाऊबाई. मंग लिंबू, मिरची, चिमूटभर साखर. ती मुरायलाच पायजे."

"मुरायला ती काय कैरी हाय? वन्सं आधीच म्हणत्यात, नव्या नवरीला चहासुदिक जमत न्हाई."

"म्हणून तर केली! आज त्यांच्या तोंडून 'चांगली झालीय' ऐकल्याबिगर मी माघारी येणार न्हाई."

"बघू, दे एक फोड. मीठ लई झालंय."

"खरंच?"

"एका फोडीत काय कळतंय? अजून दे. आंबट हाय. ती मिरचीवाली दे बरं."

"जाऊबाई, निम्मा डबा संपला!"

"तुझ्याच भल्यासाठी खातीय मी. ए पोरी, कर हात पुढं. तू सांग कशी झालीय."

"एक नंबर!" मी इतक्या जोरात म्हणाले की कंट्रोलरनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"ऐकलं का, जाऊबाई?"

"ऐकलं. डबा इकडं दे, मी धरते."

"का वं?"

"वन्संना सांगते, मी केलीय."